साबण, पोटॅश आणि 'केमिकल-फ्री' नावाची थाप

बोईसरला राहणाऱ्या माणसाला 'केमिकल' हा शब्द पुस्तकातून शिकावा लागत नाही. रात्री खिडकी उघडी राहिली की तो आपणहून घरात येतो. आज कुठला वास आहे यावरून वारा कुठल्या बाजूचा आहे हे सांगणारी मंडळी आमच्या बिल्डिंगमध्ये आहेत! त्यामुळे आमच्याकडे एखाद्या गोष्टीला नाव ठेवायचं तर "केमिकल आहे त्यात" एवढं म्हटलं की पुरतं. आंबा केमिकलचा, दूध केमिकलचं, गूळ केमिकलचा. आणि याच न्यायाने एखाद्या वस्तूचं कौतुक करायचं झालं तर? अर्थात, "केमिकल-फ्री"!

हे बिरुद अलीकडे सगळ्यात जास्त कुणाच्या गळ्यात पडलं असेल तर ते घरी बनवलेल्या लिक्विड साबणाच्या. २०२० च्या कोविडनंतर हात धुण्याचं महत्त्व सगळ्यांना कळलं आणि त्याबरोबर हा उद्योगही वाढला. बचत गटांच्या कुठल्याही प्रदर्शनात जा. पापड, कुरडया, वारली चित्रांच्या पिशव्या, आणि त्यांच्या शेजारी हिरव्या-पिवळ्या बाटल्यांची रांग. लेबलवर कडुनिंबाचं पान आणि खाली लिहिलेलं असतं : वनस्पती तेलांपासून बनवलेला, शंभर टक्के नैसर्गिक, केमिकल-फ्री. हळदीकुंकवाला वाण म्हणूनसुद्धा या बाटल्या वाटल्या जातात.

मी केमिकल ब्रँचची विद्यार्थिनी आहे, म्हणजे या लेबलच्या हिशेबाने जन्मतः आरोपी. तरीही माझं म्हणणं सरळ आहे. घरी वनस्पती तेलाचा साबण बनवा, जरूर बनवा, चांगलाच होतो. पण त्याला केमिकल-फ्री म्हणू नका. ती थाप आहे, आणि निरुपद्रवी थाप नाही. तिच्यामुळे बायकांचे हात भाजतात, डोळ्यांना धोका होतो, आणि समोरच्या एमआयडीसीला जे विचारायला हवं ते विचारायचंच राहून जातं. कसं ते सांगते.

साबण म्हणजे काय? आपण सगळ्यांनी शाळेत एका ओळीत उरकलेली गोष्ट : तेल अधिक अल्कली, बरोबर साबण अधिक ग्लिसरीन. सॅपोनिफिकेशन. (व्हायवाला हमखास विचारतात, आणि हमखास कुणीतरी 'एस्टरिफिकेशन' म्हणतं.) वडी हवी असेल तर सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे कॉस्टिक सोडा, आणि लिक्विड हवं असेल तर पोटॅशियम हायड्रॉक्साइड म्हणजे कॉस्टिक पोटॅश. सोडियमचा साबण कडक होतो, पोटॅशियमचा मऊ राहतो आणि पाण्यात सहज विरघळतो. व्हिडिओत कुणी कितीही तुळशीची पानं आणि गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या तरी अल्कलीशिवाय तेलाचा साबण होत नाही. तिथे तडजोड नाही.

आता गंमत बघा. माप बरोबर असेल आणि रिॲक्शन पुरती झाली असेल, तर शेवटी बाटलीत कॉस्टिक पोटॅश उरतच नाही. सगळा साबणात गेलेला असतो. म्हणजे हा पदार्थ वापरताना सौम्य आणि बनवताना मात्र जहाल. 'केमिकल-फ्री' हे लेबल वापरणारीकडे बघून लिहिलेलं आहे. बनवणारीकडे कुणी बघितलेलंच नाही!

आमच्याच घरातलं उदाहरण देते. बाबा एमआयडीसीत शिफ्टला जातात. त्यांच्या प्लांटमध्ये कॉस्टिकची टाकी भरायची तर रबरी हातमोजे, गमबूट, गॉगल आणि वरून फेसशील्ड घातल्याशिवाय माणसाला जवळ उभं राहू देत नाहीत. बाजूलाच आय-वॉशचा नळ असतो. आई बचत गटात आहे. तिला दोन दिवसांच्या साबण प्रशिक्षणानंतर त्याच कुळातल्या फ्लेक्स साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून मिळाल्या, तोंडाला रबर बांधून. पिशवीवर काही लिहिलेलं नाही. शिकवणाऱ्यांनी सांगितलं होतं, "ही साबणाची पावडर, पाण्यात घालायची." आईने पातेलं काढलं तेव्हा बाबा म्हणाले, "गॉगल कुठाय?" आई म्हणाली, "अहो, साबणच तर करतेय, ॲसिड नाही!"

आईचं काही चुकलं नाही. तिला जे सांगितलं गेलं तेच ती बोलली. ज्या वस्तूचं नावच 'नैसर्गिक' आहे तिच्यासाठी गॉगल कोण घालेल? आणि ते पातेलंही जर्मलचं होतं. आपल्याकडे मोठं पातेलं म्हटलं की बहुतेक घरांत जर्मलचंच निघतं. पण जर्मल म्हणजे ॲल्युमिनियम. कॉस्टिक त्याला खातो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. ज्या स्वयंपाकघरात शेजारी गॅस पेटलेला आहे तिथे हायड्रोजन! स्टीलचंच भांडं घ्यायचं. पोटॅश पाण्यात थोडा थोडा सोडायचा, पोटॅशवर पाणी ओतायचं नाही. ते पाणी हात लावता येणार नाही इतकं तापतं आणि उसळून अंगावर येऊ शकतं. डोळ्यात थेंब गेलाच तर लिंबू नाही, दूध नाही, निदान पंधरा-वीस मिनिटं वाहतं साधं पाणी आणि मग थेट डॉक्टर. या चार-पाच वाक्यांचा एक कागद त्या पिशवीबरोबर दिला असता तर काय बिघडलं असतं? काही नाही. फक्त लेबलवरचा 'केमिकल-फ्री' खोटा पडला असता.

आता कुणी म्हणेल, पूर्वीच्या बायका कुठे हातमोजे घालत होत्या? त्यांचं तर सगळं नैसर्गिकच होतं. होतं ना. रिठे होते, शिकेकाई होती, भांड्यांना राख होती. सोन्याचे दागिने आणि रेशमी साड्या आजही घरोघरी रिठ्याने धुतात. पण रिठ्याचा फेस सॅपोनिनचा, त्याचा तेलाच्या साबणाशी संबंध नाही. आणि राखेचं म्हणाल, तर 'पोटॅश' हा शब्द तिथूनच आला. लाकडाची राख पाण्यात भिजवून ते पाणी भांड्यात आटवायचं, खाली उरेल तो पोटॅश. केळीच्या राखेत तर तो भरपूर असतो, आणि वसईपासून वर केळीला तोटा नाही. त्या राखेच्या पाण्यात चुना मिसळला की तयार होतो तो हाच कॉस्टिक पोटॅश. म्हणजे झाडापासून काढला तरी कातडी तेवढीच भाजणार! त्वचेला उगमस्थान कळत नाही, तिला फक्त पीएच कळतो.

वनस्पती तेलाच्या साबणाचा अभिमान मात्र मुंबईच्या परिसराने जरूर बाळगावा. पहिलं महायुद्ध संपत आलं त्या सुमारास, १९१८-२० च्या काळात, अर्देशर गोदरेज यांनी प्राण्यांच्या चरबीचा वापर न करता वनस्पती तेलाचा साबण मुंबईत बाजारात आणला. त्या काळात विलायती साबणात चरबी असायची, त्यामुळे कितीतरी घरांत साबण उंबऱ्याच्या आत येत नसे. गोदरेजनी 'नंबर २' आधी काढला आणि 'नंबर १' नंतर, का, तर नंबर २ एवढा चांगला म्हणजे नंबर १ किती चांगला असेल असं गिऱ्हाइकाला वाटावं, असा किस्सा सांगतात. आपल्या एमबीएवाल्या मित्रांनी लक्षात ठेवावा. जगातला पहिला वनस्पती तेलाचा साबण, असंही कधी कधी छापून येतं. ते मात्र खरं धरू नका. सीरियातल्या अलेप्पोत आणि फ्रान्समधल्या मार्सेत ऑलिव्हच्या तेलाचा साबण त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून होत होता. पण मला त्या गोष्टीतलं आवडतं ते हे की गोदरेजनी साबणात काय नाही हे सांगितलं आणि ते खरं होतं. चरबी नाही म्हणजे नाही. आजच्या लेबलवाल्यांना तेवढंही जमत नाही.

तर आता आपल्या खऱ्या विषयाकडे, म्हणजे मापाकडे येऊ. माझ्या मते घरचा साबण चांगला की वाईट हे कडुनिंबावर ठरत नाही, ते ठरतं तराजूवर. प्रत्येक तेलाला पोटॅश वेगळा लागतो. एक ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण २५७ मिलिग्रॅम, मोहाच्या तेलाला १९० च्या आसपास, करंजाच्या तेलाला १८७, एरंडेलाला १८०. हाच तो सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू, जो आपण जर्नलमध्ये एकमेकांचा बघून लिहितो.

समजा ७०० ग्रॅम खोबरेल आणि ३०० ग्रॅम करंज घेतलं. पोटॅश लागला १८० अधिक ५६, म्हणजे २३६ ग्रॅम. पण हा झाला शंभर टक्के शुद्ध पोटॅश. तो बाजारात मिळत नाही, कारण हवेतला ओलावा ओढून घेण्याचा त्याला नादच आहे. फ्लेक्स ९० टक्क्यांच्या धरल्या तर २६२ ग्रॅम. त्यातून तीन टक्के मुद्दाम कमी करायचे, म्हणजे थोडं तेल शिल्लक राहील आणि पोटॅश राहणार नाही. उत्तर आलं २५४ ग्रॅम. हा २५४ साधारण पाऊण लिटर पाण्यात विरघळवायचा, कोमट तेलात हळूहळू ओतायचा, आणि मोठ्या पातेल्यातल्या गरम पाण्यात ते भांडं ठेवून अधूनमधून ढवळत दोन-तीन तास धीर धरायचा. आधी पिठल्यासारखं होतं, मग बटाट्याच्या लगद्यासारखं, शेवटी व्हॅसलीनसारखं अर्धपारदर्शक. ती झाली साबणाची पेस्ट, सुमारे दोन किलो. त्यात तेवढंच किंवा दीडपट गरम पाणी घालून रात्रभर ठेवलं की चार-पाच किलो लिक्विड साबण तयार. शिवाय एक किलो तेलामागे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास ग्लिसरीन त्यातच राहतं. मोठे कारखाने ते बऱ्याचदा वेगळं काढून विकतात. घरच्या साबणाने हात कमी कोरडे पडतात त्याचं हे एक कारण. बघा, कौतुक करायला खरं कारण उपलब्ध आहे!

पण हेच माप वाटीने घेतलं तर? फ्लेक्स मोठ्या असल्या तर वाटीत कमी बसतात, चुरा असला तर जास्त. आणि त्याहून मोठा घोटाळा दुकानात होतो. आपण मागतो 'कॉस्टिक', दुकानदार देतो कॉस्टिक सोडा, कारण खप त्याचाच जास्त. दिसायला दोन्ही पांढरे. आता आपल्याच हिशेबात पोटॅशऐवजी २५४ ग्रॅम सोडा पडला तर काय होईल? सोडियमचा अणू हलका, त्यामुळे तेवढ्याच तेलाला सोडा १६८ ग्रॅम पुरतो. बाजारचा सोडा ९८ टक्क्यांचा धरला तरी जवळजवळ ८० ग्रॅम मोकळा उरतो. ते लिक्विड न होता घट्ट गोळा होईल. मग ताईंना वाटणार की पाणी कमी पडलं. त्या पाणी वाढवणार, ढवळणार, बाटलीत भरणार आणि वर कडुनिंबाच्या पानाचं लेबल चिकटवणार. मग कुणाच्या तरी लहान मुलाच्या अंगावर पुरळ उठतं आणि आई म्हणते, "नॅचरल आहे, सुरुवातीला थोडं होतं असं."

ही झाली खऱ्या साबणाची कथा. पण बाजारात 'घरगुती नैसर्गिक लिक्विड सोप' म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं साबण नसतंच. ॲसिड स्लरी आणायची, कॉस्टिक सोड्याने मारायची, एसएलईएसची पेस्ट घालायची, मीठ टाकून घट्ट करायचं, रंग आणि वास घालायचा. अर्ध्या तासात बादलीभर माल तयार! भांडी घासायला तो उत्तम चालतो, माझी त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्यावर 'वनस्पती तेलाचा' असं लिहिण्याबद्दल. ओळखायची सोपी युक्ती सांगते. ग्लासभर पाण्यात चमचाभर साबण घाला आणि त्यात लिंबू पिळा. खरा तेलाचा साबण असेल तर दूध फाटावं तसा तो फाटतो, पाणी पांढरट होतं आणि थोड्या वेळाने वर तेलकट थर येतो. डिटर्जंट असेल तर त्याला लिंबाचं काहीच सोयरसुतक नसतं. यावरून आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. खऱ्या साबणाच्या रेसिपीत 'शेवटी दोन लिंबांचा रस घाला' असं कुणी सांगत असेल तर त्याने स्वतः साबण केलेला नाही. तसंच 'पीएच ५.५' वाल्याचं. तेलाच्या साबणाचा पीएच नऊ-दहाच असणार. त्वचेच्या पीएचला आणला तर तो साबण राहतच नाही. आणि कोरफडीचा ताजा गर घालायची हौस असेल त्यांनी आठवड्याभरात बाटली उघडून वास घ्यावा.

आमच्या किनारपट्टीसाठी मात्र घरच्या साबणाच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो कुणी मांडत नाही. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी मचूळ, जड. जड पाण्यात कुठलाही तेलाचा साबण थोडा चोथा धरतोच, कारण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याला पकडतात. तिथे डिटर्जंट सरस, हे कबूल करायला हवं. पण खाऱ्या पाण्यात, म्हणजे जिथे मीठ जास्त आहे तिथे, खोबरेलाचा साबण इतर तेलांच्या साबणांपेक्षा चांगला फेसाळतो. जहाजांवर समुद्राच्या पाण्यात आंघोळीसाठी म्हणूनच खोबरेलाचा साबण वापरत. केळवे-माहीमपासून डहाणूपर्यंत नारळ आपल्या दारात आहे. खोबरेलाचे भाव २०२५ मध्ये असे काही भडकले की साबणात घालताना हात थरथरावा, हा भाग वेगळा!

आणि करंज, उंडी, मोह? हीसुद्धा आपलीच झाडं. उंडी किनाऱ्याला, करंज ओढ्याकाठी, मोह जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणूच्या रानात. मोहाच्या बिया म्हणजे मोहट्या गोळा करून त्यांचं तेल काढायची पद्धत वारली घरांत जुनी आहे. ते तेल खाण्यात असतं, अंगाला लावतात. म्हणून सगळा मोह साबणात ओता असं मी म्हणणार नाही. कुणाच्या फोडणीचं तेल शहरातल्या हँडवॉशला पळवणं यात नैसर्गिक असं काही नाही. करंज आणि उंडी मात्र खाण्याची नाहीत. त्यांच्या तेलाला वास उग्र, रंग तपकिरी, त्यामुळे गिऱ्हाईक नाक मुरडतं. पण तीस टक्क्यांपर्यंत खोबरेलात सहज खपतात. दुसरीकडे मोठ्या ब्रँडच्या 'वनस्पतीजन्य' साबणात बहुधा पाम तेल असतं, इंडोनेशिया-मलेशियाहून आलेलं. तेही वनस्पतीच. लेबल खोटं नाही, फक्त झाड लांबचं आहे.

आता सुरुवातीला म्हटलेल्या तिसऱ्या मुद्द्याकडे येते. एमआयडीसीला काय विचारायचं राहून जातं?

आपण 'केमिकल वाईट, नैसर्गिक चांगलं' अशी वाटणी केली की मनातल्या मनात तारापूरचा निकाल लागून जातो. ते सगळं केमिकल, म्हणजे सगळं वाईट, म्हणजे काही करण्यासारखं नाही. आपण घरी कडुनिंबाचा साबण बनवू आणि खिडकी लावून घेऊ. पण तारापूरचं दुखणं केमिकल आहे हे नाही. दुखणं आहे ते न मापलेलं, न मारलेलं, अर्धवट राहिलेलं केमिकल नाल्यात जाण्याचं. कारखान्यांचं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात यायचं आणि तिथून नवापूरला समुद्रात. कित्येक वर्षं त्या केंद्राची क्षमता होती २५ एमएलडी, आणि येणारं पाणी त्याहून जास्त. ज्यांच्या जाळ्यात ते पाणी शेवटी यायचं, त्या मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २०२२ च्या जानेवारीत लवादाने शंभरावर कारखान्यांना आणि केंद्र चालवणाऱ्या संस्थेलाही भरपाईचे आदेश दिले. दरम्यान ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोळवडेच्या बाजूला स्फोट झाला होता, त्यात आठ माणसं गेली. तो हादरा आमच्या बिल्डिंगच्या काचांनीही ऐकला. सातपाटीचं पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झालं. सन्मान मोठा आहे, पण ते पापलेट ज्या पाण्यात राहतं त्या पाण्याचं काय?

मच्छीमारांनी लवादापुढे 'केमिकल बंद करा' एवढंच म्हटलं असतं तर हाती काय लागलं असतं? प्रकरण उभं राहिलं ते मोजमापावर : पाणी किती आलं, सीओडी किती, पीएच किती, मर्यादा किती. आणि इथेच मला घरचा साबण महत्त्वाचा वाटतो. ज्या बाईने स्वतः २५४ ग्रॅम तोलले आहेत, रिॲक्शन पुरी होईपर्यंत तीन तास वाट बघितली आहे, बाटलीत मोकळा पोटॅश राहिला नाही ना याची खात्री केली आहे, ती बाई नाल्यातलं पाणी बघून "केमिकलचं आहे हो" म्हणून थांबणार नाही. ती विचारेल, न्यूट्रल केलं होतं का? कुणी तपासलं? कागद दाखवा. एवढं विचारणारी पन्नास माणसं प्रत्येक गावात निघाली तर बरेच जण अडचणीत येतील.

उलट 'केमिकल-फ्री'वर विश्वास ठेवणाऱ्या बाईला स्वतःच्या पातेल्यात काय चाललंय हेच माहीत नसतं. तिला दुसऱ्याच्या टाकीबद्दल प्रश्न कसे पडणार?

आता काही जण म्हणतील, हा सगळा बारीकपणा बचत गटांना जमणार नाही, उगाच घाबरवू नका. मला हे म्हणणं अपमानकारक वाटतं. ज्या बायका लोणच्याचं मीठ चुकू देत नाहीत, पापडखाराचं प्रमाण डोळे मिटून सांगतात, गटाच्या व्याजाचा हिशेब पैशापर्यंत ठेवतात, त्यांना २५४ चा आकडा जमणार नाही? त्यांना आकडा कुणी दिलाच नाही, ही खरी गोष्ट आहे. आणि अंगाला लावायचा साबण विकायचा तर २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो, हेही त्यांना प्रशिक्षणात सांगायला हवं. नाहीतर उद्या तक्रार झाली की शिकवणारे मोकळे आणि बाटलीवर नाव असलेली ताई अडकणार.

लेबलवर काय लिहावं, असं आईने मला विचारलं. मी सुचवलं : 'खोबरेल आणि करंज तेलाचा साबण. पोटॅश वापरून बनवलेला, मोकळा पोटॅश तपासलेला. बनवल्याची तारीख अमुक.' आई म्हणाली, "पोटॅश वाचून कोण घेईल?" प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, ते गिऱ्हाइकांकडे आहे. म्हणजे तुमच्या-माझ्याकडे. गटातल्या दोघींनी तरीही तसं लेबल लावलंय. पाच बाटल्यांतल्या तीन गेल्या.

राहिला 'तपासलेला' हा शब्द. तो घरी खरा करणं अवघड आहे. साबण मुळातच अल्कधर्मी, त्यामुळे पाण्यात फिनॉल्फ्थॅलिन टाकलं तर चांगला साबणही गुलाबी होतो आणि काहीच कळत नाही. तो गरम अल्कोहोलमध्ये विरघळवून मग थेंब टाकावे लागतात. गुलाबी झाला तर मोकळा पोटॅश आहे, आणि किती आहे ते टायट्रेशनने निघतं. हे सगळं सामान आपल्या केमिस्ट्री लॅबमध्ये आहे. ब्युरेट आहेत, नीट वजन दाखवणारा काटा आहे, आणि पहिल्या वर्षाला शंभर वेळा केलेलं टायट्रेशन आहे, ज्याचा आजवर कुणाला काही उपयोग झालेला नाही. सरांशी मी बोलले आहे. गटांनी नमुन्याची छोटी बाटली आणायची, कुठलं तेल किती घातलं ते चिठ्ठीवर लिहून. एका नमुन्याला पंधरा मिनिटं लागतात. आपल्यातले चार जण हवेत, गॉगल ज्याचा त्याने आणायचा. शनिवारी दोननंतर लॅब रिकामीच असते.